आधी वही, मग शोरूम: हायब्रिड गाडी आपल्या घरासाठी योग्य आहे का, हे कसे ठरवावे

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी घ्यावी का, असे ओळखीच्या कुणी विचारले की मी उलट एकच प्रश्न विचारतो: महिन्याला किलोमीटर किती होतात आणि त्यातले सिग्नलच्या रांगेतले किती? बहुतेकांना पहिल्या आकड्याचा अंदाज असतो, दुसऱ्याचा नसतो. हायब्रिड गाडीचा सगळा फायदा मात्र या दुसऱ्या आकड्यावर उभा आहे, आणि तो हाती नसताना शोरूममध्ये गेलेला माणूस तिथल्या तक्त्यातले मायलेज पाहून निर्णय घेऊन मोकळा होतो. पुढच्या पायऱ्या पहिल्यांदाच हायब्रिडचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत. उदाहरणे पुण्यातली आहेत, कारण माझा रोजचा अनुभव तिथला आहे.

पहिली पायरी: ‘हायब्रिड’ या शब्दाखाली काय विकले जात आहे ते पाहा

आपल्याकडे एकाच शब्दाखाली दोन फार वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये स्टार्टर (इंजिन सुरू करणारा) आणि अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारा) यांचे काम करणारे एक छोटे यंत्र इंजिनला जोडलेले असते. ते सिग्नलला बंद झालेले इंजिन अलगद सुरू करते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते, पण केवळ विजेवर गाडी एक फूटही पुढे नेऊ शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये चाके फिरवण्याइतकी ताकदवान मोटर आणि तिला पुरेल अशी वेगळी बॅटरी असते, त्यामुळे सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना किंवा मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रहदारीत इंजिन बंद ठेवून गाडी चालते. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना प्रोत्साहन देण्यासाठी २०१५ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘फेम’ योजनेत माइल्ड हायब्रिडलाही अनुदान होते, ते २०१७ मध्ये काढून घेण्यात आले. अनुदान गेले, पण गाडीच्या पाठीवरचा शब्द टिकला.

हा फरक किती सहज झाकला जातो, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका शोरूममध्ये स्ट्राँग हायब्रिडची चौकशी केल्यावर विक्रेत्याने माझ्यासमोर कोटेशन ठेवले आणि किंमत अपेक्षेपेक्षा जवळजवळ अडीच लाखांनी कमी पाहून मी सुखावलो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले व्हेरिएंटचे नाव वाचले तेव्हा ती माइल्ड हायब्रिड निघाली. विचारल्यावर उत्तर आले, ‘सर, तीही हायब्रिडच आहे.’ तो खोटे बोलत नव्हता, हीच खरी अडचण आहे. म्हणून प्रश्न थेट विचारावा: इंजिन बंद असताना ही गाडी चालते का? उत्तर ‘हो’ आले, तर समोर फिरवून दाखवायला सांगावे.

स्ट्राँग हायब्रिड बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक लावताना किंवा उतारावर वाया जाणारी गती मोटर विजेत बदलते, आणि कमी पडल्यास इंजिन ती भरून काढते. शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोल पंपावरूनच येते, हे लक्षात ठेवले की पुढचे अनेक गैरसमज टळतात. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिड भारतात मोजक्या आणि फार महाग आहेत, त्यामुळे त्यांचा विचार इथे केलेला नाही.

दुसरी पायरी: महिनाभर वही ठेवा

या पायरीला फाटा देण्याचा मोह होतो, आणि नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त पैसे वाचवते. सध्याच्या गाडीची टाकी ऑटो कटपर्यंत फुल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि पुढचे तीस दिवस प्रत्येक फेरीच्या शेवटी तीनच गोष्टी लिहाव्यात: किती किलोमीटर झाले, किती मिनिटे लागली आणि गाडीत किती माणसे होती. महिन्याच्या शेवटी त्याच पंपावर टाकी पुन्हा फुल करावी. झालेल्या किलोमीटरना मधल्या काळात भरलेल्या एकूण लिटरने भागले, की आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज हाती येते. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा खुशामतखोर असतो, त्याच्यावर विसंबू नये.

किलोमीटर आणि मिनिटे यांतून फेरीचा सरासरी वेग निघतो आणि तो वेग बरेच काही सांगतो. ताशी वीस किलोमीटरच्या आसपासची फेरी म्हणजे थांबा, सरका, पुन्हा थांबा. इथे हायब्रिड आपले सगळे गुण दाखवते. ताशी सत्तरची फेरी म्हणजे मोकळा महामार्ग. तिथे इंजिन जवळजवळ सतत चालू असते, ब्रेक क्वचित लागतो, आणि परत मिळवण्याजोगी ऊर्जा फारशी नसतेच.

आमच्या वहीतला एक महिना असा होता. कोथरूड ते खराडी एका बाजूने सुमारे १८ किलोमीटर, कामाचे २२ दिवस, म्हणजे ७९० किलोमीटर. संध्याकाळी परतताना लागलेली वेळ बहुतेकदा सव्वा तास. भाजी, शाळा, आईचे फिजिओथेरपीचे हेलपाटे मिळून ९० किलोमीटर. साताऱ्याला एकदा जाऊन येणे, सव्वादोनशे किलोमीटर. एकूण सुमारे ११००, त्यातले चार पंचमांश शहरी. ही वही पाहिल्यावर मला विक्रेत्याच्या भाषणाची गरज उरली नाही. माझ्या नाशिकच्या बहिणीनेही अशीच वही ठेवली. तिचे घर आणि बँक यांत चार किलोमीटर, गाडी मुख्यतः महिन्यातून दोनदा महामार्गावर निघते, आणि एकूण आकडा साडेचारशेच्या वर जात नाही. तिला मी हायब्रिड घेऊ नकोस असे सांगितले, आणि आजही तेच सांगेन.

तिसरी पायरी: हिशेब मांडा, पण कंपनीच्या आकड्यांवर नाही

टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या एकाच जातकुळीच्या गाड्या आहेत. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचे जाहीर केलेले मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. असे आकडे ठरावीक चाचणीतून येतात. पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करून, आखून दिलेल्या वेग-थांब्यांच्या चक्रातून ती चालवली जाते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. आपल्या घरखर्चाचा अंदाज बांधण्यासाठी मात्र तो आकडा चांगलाच खाली आणून वापरावा.

समजा, पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे, त्याच आकाराची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी शहरात लिटरला १२ किलोमीटर देते आणि हायब्रिड २० देते. वर्षाला १२,००० शहरी किलोमीटर झाले, तर एकीला १,००० लिटर लागेल आणि दुसरीला ६००. वाचले ४०० लिटर, म्हणजे ४१,६०० रुपये. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून) किमतींतला फरक सव्वादोन लाख धरला, तर तो भरून निघायला साधारण साडेपाच वर्षे लागतात. हेच १२,००० किलोमीटर मोकळ्या महामार्गावरचे असतील आणि ॲव्हरेज १७ विरुद्ध २१ पडत असेल, तर वर्षाची बचत १४,००० रुपयांच्या आसपास येते आणि फरक भरून निघायला सोळा वर्षे लागतात. एवढ्या काळात पहिलीतले मूल नोकरीला लागते. याउलट, महिन्याला दोन हजार शहरी किलोमीटर होणाऱ्या घरात पावणेतीन वर्षांत पैसे वसूल होतात. या सगळ्या आकड्यांच्या जागी आपल्या वहीतले आकडे घालावेत, पद्धत तीच राहील.

दोन गोष्टी या हिशेबात हमखास राहून जातात. पहिली, कर्जाचे व्याज. वरचे सव्वादोन लाख कर्जाऊ घेतले, दर ९ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर त्यांचा हप्ता दरमहा सुमारे ४,६७० रुपये येतो आणि एकूण परतफेड २ लाख ८० हजारांवर जाते. साडेपाच वर्षांची वसुली पावणेसात वर्षांवर सरकते. दुसरी, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल व पेट्रोल-हायब्रिड गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर ५ टक्के. इथे बोलतो आहोत त्या स्ट्राँग हायब्रिड चार मीटरहून लांब आहेत, त्यामुळे ‘पर्यावरणस्नेही’ असण्याची म्हणून त्यांना जीएसटीत वेगळी सूट नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाड्यांचा एकरकमी वाहन कर किमतीच्या टक्केवारीत आणि किमतीनुसार चढत जातो, म्हणून वाढीव किमतीवर वाढीव करही बसतो. तेव्हा तुलना नेहमी ऑन-रोड किमतींची करावी, एक्स-शोरूम किमतींची नव्हे.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. तुलना समपातळीवरच्या गाड्यांची व्हावी. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते. तिची तुलना त्याच मॉडेलच्या मॅन्युअल, सर्वांत स्वस्त व्हेरिएंटशी केली तर फरक अवाढव्य दिसतो, आणि सनरूफवाल्या सर्वांत महाग पेट्रोल व्हेरिएंटशी केली तर नगण्य दिसतो. विक्रेता आपल्या सोयीची जोडी निवडतो, आपण आपल्या सोयीची निवडू नये. शहरात रोज दोन तास क्लच दाबून ज्यांचा डावा गुडघा बोलू लागला आहे, त्यांना ऑटोमॅटिक हवीच असते; अशांसाठी हायब्रिडचा वाढीव खर्च खऱ्या अर्थाने कमी होतो.

चौथी पायरी: दुसरे दोन दरवाजे ठोठावून पाहा

घरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता येत असेल आणि दिवसाचे फिरणे शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर विजेवरच्या गाडीचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती वीज नऊ-दहा रुपये युनिट धरली आणि एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर झाले, तरी किलोमीटरला दीड रुपया पडतो. वरच्या उदाहरणातल्या हायब्रिडला शहरात पाच रुपये वीस पैसे पडतात. हायब्रिडची खरी जागा तिथे आहे, जिथे सोसायटीत पार्किंग ठरलेले नाही, मीटरपासून जागेपर्यंत केबल ओढायला समितीची परवानगी मिळत नाही, किंवा घरात एकच गाडी आहे आणि गणपतीला तिनेच कोकण गाठायचे आहे.

सीएनजी सर्वांत स्वस्तात सुरू होते. मात्र पंपावरची रांग, सिलिंडरने व्यापलेली डिकी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावी लागणारी चाचणी या तिन्ही गोष्टी घरातल्या प्रत्येक चालकाला चालणार आहेत का, हे आधी विचारावे.

पाचवी पायरी: माणसे, सामान आणि घाट

बॅटरी कुठेतरी ठेवावी लागते आणि अनेकदा ती जागा डिकीतूनच जाते. होंडा सिटीच्या साध्या पेट्रोल गाडीची डिकी ५०६ लिटरची आहे, तर तिच्याच हायब्रिडची ३०६ लिटरची. दोनशे लिटर कमी म्हणजे एक मोठी बॅग आणि तांदळाचे पोते घरीच. कागदावरच्या लिटरांनी हे कळत नाही, म्हणून घरातली सर्वांत मोठी बॅग, वॉकर किंवा बाळगाडी शोरूममध्ये घेऊन जावी आणि डिकीत ठेवून झाकण लावून पाहावे. लोक बघतात, बघू द्यावे. त्याच वेळी स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा संच दिला आहे, तेही पाहून घ्यावे. सहा-सात माणसांचे घर असेल, तर पर्याय इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच बहीण मारुती इन्व्हिक्टो यांच्यापाशी येऊन थांबतात, आणि तिथे बजेटची पातळीच बदलते.

घाटाबद्दल बरेच गैरसमज आहेत. ‘उतारावर बॅटरी फुकट भरते, मग पुढे विजेवरच जायचे,’ असे ऐकायला मिळते. हिशेब करून पाहू. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता सुमारे पाऊण युनिट आहे. विजेवरच्या बऱ्याच गाड्यांत ती तीस ते पन्नास युनिट असते. माणसांसह दीड टन वजनाची गाडी बोरघाटातून साडेपाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा सव्वादोन युनिटांइतकी ऊर्जा मोकळी होते. काही हवेच्या रोधात आणि टायरांत जाते, तरी उरलेली ऊर्जाही त्या छोट्या बॅटरीत मावत नाही आणि खोपोली येण्याआधीच ती भरून जाते. भरल्यावर मोटरचा ब्रेक सैल पडतो आणि काम इंजिनाच्या व चाकांच्या ब्रेकवर येते. म्हणूनच अशा गाड्यांत इंजिनाने वेग रोखण्याची ‘बी’ खूण किंवा तत्सम सोय असते. आंबा, कुंभार्ली, वरंधा यांसारखे घाट नेहमी उतरणाऱ्यांनी ती विक्रेत्याकडून समजून घ्यावी आणि लांब उतारावर सुरुवातीपासून वापरावी. चढावर गाडी पूर्ण भरलेली असेल, तर या दोन गाड्यांचे तीन सिलिंडरचे इंजिन मोठ्याने ओरडते. धोका काही नसतो, पण तो आवाज आपल्याला चालेल का, हे आपणच ठरवायचे.

ज्या घरातली गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, त्यांनी मात्र थांबावे. मुले परदेशात, आईवडील गावी आणि गाडी महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेण्यापुरती, अशी पुण्यात कितीतरी घरे आहेत. स्ट्राँग हायब्रिडमध्येही नेहमीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. ती उतरली की गाडी सुरूच होत नाही, मग मोठी बॅटरी कितीही भरलेली असो. अशा घराला साधी पेट्रोल गाडी बरी.

सहावी पायरी: टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर घ्या

शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या दहा मिनिटांत काहीच कळत नाही. संध्याकाळी साडेसहाची वेळ मागावी, ट्रिप मीटर आपल्यासमोर शून्यावर आणायला सांगावे, एसी आपल्याला लागतो तेवढाच ठेवावा आणि गाडी रोजच्या रस्त्याने न्यावी. सिग्नलला इंजिन बंद असूनही एसी चालू राहतो का, बॅटरी उतरू लागल्यावर इंजिन सुरू होते तेव्हा धक्का जाणवतो का, गतिरोधकापाशी ब्रेक दाबताना पायाखाली वेगळेपणा वाटतो का, याकडे लक्ष द्यावे. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला मागच्या सीटवर बसवावे. आमच्या आईने पंधरा मिनिटांत निकाल दिला होता: ‘बसायला बरी आहे, पण ही चालू आहे की बंद, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.’ या वाक्याचे महत्त्व पुढे येईल.

सातवी पायरी: बॅटरीचे कागद

टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघी हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवरची वॉरंटी देत आल्या आहेत. ही अट बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावी आणि गाडी विकल्यास वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का, हेही विचारावे, कारण पुनर्विक्रीची किंमत बरीचशी त्यावर ठरते. विमा घेताना पाणी साचून बॅटरीचे नुकसान झाल्यास ते भरून मिळेल का, याचे उत्तर तोंडी न घेता पॉलिसीत दाखवायला सांगावे. तुंबलेल्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नये. हायब्रिडमध्ये बिल मोठे येते, एवढाच फरक. जुनी हायब्रिड घेत असाल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीची तपासणी करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

इंजिन ऑइल, फिल्टर, पियुसी हे सगळे हायब्रिडलाही लागते. ब्रेकचे पॅड मात्र जास्त टिकतात, कारण बराचसा वेग मोटरच आवरते. केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड ठेवणाऱ्या गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिच्यावर पिशव्या, चादर, छत्र्या टेकवून ठेवल्या की बॅटरीची घुसमट होते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या धुळीने तिच्यामागचा फिल्टर लवकर भरतो. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तो साफ केल्याची नोंद बिलावर मागावी. बॉनेटखालच्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. नाक्यावरच्या मेकॅनिकला, तो कितीही जवळचा असला तरी, त्यांना हात लावू देऊ नये.

गाडी घरी आल्यावर, पहिल्याच दिवशी

घरात जे जे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना एकत्र बसवून डॅशबोर्डवरची ‘रेडी’ ही खूण दाखवावी. ती दिसत असेल तर गाडी चालू आहे, मग इंजिनाचा आवाज येवो वा न येवो. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजून कुणी तशीच सोडून उतरले, तर बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू होते आणि बंदिस्त गॅरेजमध्ये तो धूर जीवघेणा ठरू शकतो. आमच्याकडे उतरण्यापूर्वी बटण दाबून ‘रेडी’ विझल्याचे मोठ्याने म्हणायची सवय लावली आहे. आईला गाडी चालवता येत नाही, पण मागच्या सीटवरून ‘विझलं का?’ असे तीच विचारते.